तो डबा माझा होता, विमल

विमल, मी स्वतः उपोषणाला बसलेली असताना साबुदाण्याची खिचडी खाल्ली. चोरून नव्हे. भर दुपारी, कॉलेजच्या सायकल स्टँडजवळच्या निंबाखाली, मांडी घालून, बोटं चाटत. वर तुलाच म्हणाले, “घे ना दोन घास, उपासाचंच आहे.”

आज सत्त्याऐंशीव्या वर्षी हे लिहिताना आधी हसू फुटतं आणि मग स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते. ती द्यायचा हक्क खरं तर तुझा होता. तो तू कधी वापरला नाहीस आणि दहा-बारा दिवसांपूर्वी सासरी, देडतलाईत, डोळे मिटून मोकळी झालीस. आता मी भांडू कुणाशी?

त्या वेळची मी म्हणजे काय ध्यान होतं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. दोन वेण्या, नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं हा पक्का समज. वडील सरकारी शाळेत मास्तर, त्यामुळे घरात वर्तमानपत्र यायचं. त्यातले मथळे वाचून मी पुढारी झाले होते. तू फोपनारहून आलेली, इथं शहरात शनवाऱ्यात मामाकडे राहणारी, तुमच्या गावातून कॉलेजात पोचलेली पहिली मुलगी. पायात चपला नव्या होत्या आणि चावायच्या, म्हणून वर्गात बसलीस की काढून ठेवायचीस. मी त्यावरूनही तुला चिडवलं होतं. तू म्हणालीस, “पाय माझे, चपला माझ्या. तुले कुठं टोचतं?”

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आपलं. राजधानी नागपूरला होती ती भोपाळला गेली होती. आपण होतो तिथंच होतो, तापी होती तिथंच होती, पण नकाशावरची रेघ सरकली आणि पलीकडचा मराठी मुलूख दुसऱ्या राज्यात गेला. इकडे आपण उरलो. कागद हिंदीत येऊ लागले. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. मला हिंदी पाण्यासारखी यायची; आमच्या गल्लीत खेळलो हिंदीत, भांडलो हिंदीत. पण एक दिवस फळ्यावर सूचना लागली की यंदापासून उत्तरं मराठीत लिहिता येणार नाहीत, आणि ती वाचून तुझा चेहरा बघवेना.

“कुसुम, मी बोलू शकते हिंदी,” तू म्हणालीस. “बाजारात बोलते. पण इतिहासाचा पेपर का बाजार आहे? तीन तास काय लिहू?”

तुझ्यासाठी तो पदवीचा प्रश्न होता. बापाने एकाच बोलीवर पाठवलं होतं तुला: पास होत राहशील तोवर शीक. माझ्यासाठी ती गंमत होती. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, चला, आता आपल्यालाही काहीतरी करायला मिळालं!

मी म्हटलं, जिन्यावर आडवं पडू, एकालाही वर्गात जाऊ द्यायचं नाही. तू म्हटलंस, आधी अर्ज देऊ. मी इतकी हसले होते की माझ्या हातातली शाईची दौत सांडली. अर्ज देऊन कुणी आंदोलन करतं का? उद्या चोरसुद्धा पोलिसांत अर्ज देतील! पण तू ऐकशील तर ना. वहीचं पान फाडलंस, सुवाच्य मराठीत अर्ज लिहिलास आणि आपण दोघी ऑफिसात गेलो. तिथल्या हेडक्लार्कने, बडे बाबूंनी, चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि परत दिला.

“बाईजी, अर्ज़ी हिंदी में लाइए. मराठी की फ़ाइल बंद हो गई.”

मराठीसाठीचा अर्ज हिंदीत! मी तिथंच भडकले. तू मला दंडाला धरून बाहेर आणलंस आणि म्हणालीस, “तुले येते ना हिंदी? मग लिही. मी सांगते.” तू सांगत गेलीस, मी लिहीत गेले. आधी मागणी, मग ती मान्य होईपर्यंत उपोषणाला बसायचे नियम. आम्ही निंबाखाली बसू. वर्गात जाणाऱ्याचा रस्ता अडवणार नाही. जो वर्गात जाईल त्याला टोचून बोलणार नाही. उपोषण करणारे फक्त पाणी आणि लिंबू-मीठ घेतील. संध्याकाळी जागा झाडून जाऊ. ज्याच्या हातून चूक होईल तो आपलं नाव स्वतः सांगेल. आणि शेवटी, या जागी जे घडेल त्याची जबाबदारी माझी, खाली तुझी सही. त्या कागदाला मी ‘विमलची पोथी’ असं नाव ठेवलं आणि दिवसभर सगळ्यांना ऐकवत फिरले. अक्षर मात्र माझं होतं, हे विसरून.

प्राचार्यांनी परवानगी दिली. दिली कसली, निंबाखालची ती जागा अशी होती की सायकल काढायला येणाऱ्याशिवाय कुणाला दिसायचीच नाही. मी चिडले तेव्हा तू म्हणालीस, “दिसत नाही तर दिसेल असं बसू.” पहिल्याच दिवशी तू आणि आणखी तिघं बसलात. मी त्या दिवशी भाषणं केली. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी केली. दुपारी एक मुलगा प्रॅक्टिकलला निघाला तेव्हा मी त्याला गाठलं आणि सगळ्यांदेखत भित्री भागूबाई म्हटलं. त्याचे कान लाल झाले. तू उपाशीपोटी उठून आलीस, त्याच्यासमोर हात जोडलेस, म्हणालीस, “भाऊ, तू जा. इचं मनावर घेऊ नको.” आणि मग माझी वेणी ओढून मला झाडामागे नेलंस.

“त्रास द्याचा तर मी माझ्या पोटाले देते. त्याच्या प्रॅक्टिकलले कायले?”

“ज्याचा कुणाला त्रास नाही ते आंदोलन कसलं गं? आपण इथं बसून सुकून गेलो तरी प्राचार्य खिडकीतून बघणारसुद्धा नाहीत.”

“त्याची भाषा त्याच्याजवळ आहे. माझी गेली म्हणून त्याचा तास घ्यायचा मले हक्क आहे का?”

आजही माझं अर्धं मन म्हणतं, तुझं चुकलं. रस्ता मोकळा ठेवून, जागा झाडून, सही करून मागणारे लोक या देशात मागतच राहतात. आणि उरलेलं अर्धं मन त्या मुलाचे लाल कान विसरत नाही. हा वाद आपण पुढे कधीतरी पुरा करणार होतो, विमल.

तुझं बघून दुसऱ्या दिवशी मी पण उपोषणाला बसले. खरं सांगू? तुझ्याकडे सगळे आदराने बघत होते, ते मला सोसलं नाही. पहिला दिवस मी कण्हत काढला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तुझ्या तिसऱ्या दिवशी, एकादशी होती. दुपारी बाराच्या सुमारास आमची आत्या नऊवारी सावरत फाटकातून आत आली. हातात पितळी डबा. आमच्या घरात उपास म्हणजे न खाणं नव्हे, हे तुला माहीत नव्हतं, कारण तुमच्याकडे उपासाला शेंगदाणे आणि एखादं केळं यापलीकडे कुणी जात नसे. आमच्याकडे एकादशीला खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी! एरवी जेवढं खात नसू तेवढं त्या दिवशी. मला लहानपणापासून हेच ठाऊक की फराळानं उपास मोडत नाही. तरीही मी आत्याला म्हटलं, “आत्या, हे उपोषण आहे. फक्त पाणी चालतं.”

“अगं, देवाला चालतं, मग तुझ्या प्राचार्याला का चालू नये? तो काय देवापेक्षा मोठा?”

डबा उघडला, दाण्याच्या कुटाचा वास आला आणि मला ते म्हणणं फार तर्कशुद्ध वाटायला लागलं. तू तेव्हा निंबाच्या बुंध्याला टेकून डोळे मिटून पडली होतीस. मी चार घास खाल्ले, पाचवा तुझ्यापुढे धरला आणि ते माझं अजरामर वाक्य बोलले. तू डोळे उघडलेस. डब्याकडे बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी आजपर्यंत विसरले नाही, तिथं नुसती भीती होती. कारण माझ्या पाठीमागून प्राचार्य आणि बडे बाबू येत होते, तुमची तब्येत विचारायला.

“वाह!” बडे बाबू म्हणाले. “अनशन में खिचड़ी! हमारे यहाँ तो शादी में इतनी नहीं मिलती.”

स्टँडवरची पोरं हसायला लागली. ते हसू कॉलेजभर पसरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. प्राचार्य मात्र हसले नाहीत. ते मराठीच होते, त्यांच्याही घरी त्या दिवशी खिचडी शिजली असणार. त्यांनी तुझा अर्ज खिशातून काढला, चूक करणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं ती ओळ वाचली आणि विचारलं, “डबा कुणाचा?”

नंतर अनेक वर्षं मी स्वतःला एक कारण सांगत आले. राज्य बदललं तेव्हा बाबांनी इथंच राहायचा ऑप्शन भरला होता, त्यांचे कागद नागपूर-भोपाळच्या मध्ये लोंबकळत होते, सरकारी नोकराच्या मुलीचं नाव गेलं असतं तर त्यांच्या नोकरीवर आलं असतं. हे सगळं खरं आहे. पण हे कारण मला संध्याकाळी सुचलं, विमल. त्या क्षणी मी बोलले नाही, कारण माझ्या तोंडात खिचडी होती. ती गिळेपर्यंत तू बोलून गेलीस.

“डबा माझा आहे, सर.”

आत्या तोवर फाटकाबाहेर गेली होती. बाकीचे उपोषणवाले माझ्याकडे बघत होते. मी घास गिळला. आणि गप्प बसले.

इथं माझं तुझ्याशी भांडण आहे, आणि ते मी आज सोडणार नाही. ‘जबाबदारी माझी’ म्हणाली असतीस तर ते खरं होतं, सही तुझी होती. ‘डबा माझा’ म्हणालीस ते धडधडीत खोटं होतं. ज्याची चूक त्यानं नाव सांगायचं, हा नियम कुणाचा? तुझा. मग तो तू कसा मोडलास? तुला वाटलं असेल, कुसुमला वाचवलं. वाचवलं नाहीस, बाई. तू माझ्या वाटची शिक्षा उचलून नेलीस, आणि माझ्या हाती जे उरलं ते शिक्षेपेक्षा जड निघालं. मला विचारलंस तरी का? मी काय ओझं उचलण्याच्या लायकीची नव्हते? (नव्हते. हे मी कंसात लिहिते, म्हणजे तुला मोठ्याने म्हणायला नको.)

संध्याकाळी सूचना लागली: उपोषणाच्या नावाखाली फसवणूक केल्याबद्दल तुला यंदा परीक्षेला बसता येणार नाही. आणि पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं की शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना यंदापुरती मराठीत उत्तरं लिहायची मुभा आहे. यंदापुरती. पुढच्या वर्षी बसायचं तर हिंदीत. म्हणजे तू मागितलं ते सगळ्यांना मिळालं, एक तू सोडून.

तुझे वडील तुला न्यायला आले त्या दिवशी मी शनवाऱ्यात तुझ्या मामाकडे आले होते. सांगायचं ठरवूनच आले होते, शपथ. दारातच त्यांना म्हटलं, “काका, मला तुम्हाला काही सांगायचंय.” ते टोपी हातात घेऊन ओट्यावर बसले होते. म्हणाले, “तू काही नको सांगू, बाई. तुझे वडील मास्तर हायेत, तुले अक्कल हाये. आमच्याच पोरीची फिरली.” एवढ्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्यांदा. या वेळी तोंडात खिचडीही नव्हती.

तू ट्रंक भरत होतीस. वरच्या तीन वह्या काढून माझ्या हातात दिल्यास. “इतिहासाच्या आहेत. मराठीत आहेत. तुले कामी येतील.”

आणि मी त्या घेतल्या! त्याच वाचून मी पेपर दिले, तेही मराठीत, कारण हिंदीत लिहायची मला लाज वाटली. जणू त्यानं काही फिटणार होतं. ज्या सवलतीची मला काडीची गरज नव्हती, ती वापरून मी दुसऱ्या वर्गात पास झाले. बाबांनी दराब्याची मिठाई वाटली. तुझ्या लग्नाची पत्रिका त्याच महिन्यात आली.

पुढे मी मुलींच्या शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाले. एकदा शाळेतल्या मुली संडासाला दार नाही म्हणून पटांगणात बसल्या. मी तरातरा बाहेर गेले आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? “आधी अर्ज आणा.” हे बोलले आणि चष्मा कपाळावर चढवलेले बडे बाबू मला माझ्यातच दिसले. मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, अर्ज मी लिहिते, तुम्ही सांगा. एकीने विचारलं, बाई, कोणत्या भाषेत? म्हटलं, तुझ्या. दार आठवड्यात लागलं. त्या दिवशी तुझी फार आठवण आली, आणि मी तुला पत्र लिहिलं नाही.

तुझी गाठ पडायची ती लग्नाकार्यात. तू देडतलाईहून यायचीस, पिशवीत माझ्यासाठी केळ्याचे वेफर घेऊन. एकदा पंगत उठल्यावर मी तुला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, “विमल, त्या डब्याचं...”

“खिचडीत मीठ कमी होतं,” तू म्हणालीस.

“तुला काय ठाऊक? तू कुठं खाल्लीस?”

“तुझ्या तोंडावरून कळलं. एवढं पाप केलं, तेही अळणी!” आणि पोट धरून हसायला लागलीस. मी पण हसले. दर वेळी असंच. मी विषय काढायची, तू त्याची थट्टा करायचीस, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. आता कळतं, तू मला सोडवत नव्हतीस, तू दार लावून घेत होतीस. आत काय होतं ते मला बघू द्यायचं नव्हतं तुला.

मागच्या महिन्यात माझी नात ऋता इंदूरहून आली ती धुसफुसत. हॉस्टेलच्या पाण्यासाठी मुली बसल्या होत्या, तर ॲडमिशनच्या वेळीच लिहून घेतलंय म्हणे की आंदोलनात भाग घेणार नाही. “आजी, साइन तो सबने किया था, पढ़ा किसने?” मी तिला तुझी पोथी सांगितली. तिने विचारलं, आणि त्या विमलआजीचं पुढं काय झालं? मी म्हटलं, तिचं लग्न झालं. एवढंच. नातीसमोरसुद्धा, सत्त्याऐंशीव्या वर्षीसुद्धा! मग ठरवलं की आता देडतलाईला जायचं, तुझ्या घरच्यांसमोर तुझ्या तोंडावर सांगायचं, तू कितीही थट्टा कर. गुडघे बरे झाले की जाऊ म्हटलं. गुडघे बरे होत नाहीत, विमल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही.

तुझ्या लेकीचा, शोभाचा, फोन आला तेव्हा मी वेफरच खात होते. तुझेच, दिवाळीला पाठवलेले.

दहाव्याला ऋता मला गाडीने घेऊन आली. तुझ्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. भिंतीला तुझा फोटो, डोक्यावरून पदर, ओळखू येऊ नये इतकी शहाणी दिसत होतीस. कुणीतरी चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि मास्तरणीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिल्यापासून सांगितलं. फळ्यावरची सूचना, तुझा अर्ज, तीन दिवसांचं तुझं उपोषण, आत्याचा डबा. म्हटलं, तो डबा माझा होता, खाल्लं मी, आणि शिक्षा हिने भोगली. हिला परीक्षेला बसूच दिलं नाही, ते माझ्यामुळे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं आता शोभा रडेल, नाहीतर मला उठून जा म्हणेल. दोन्हीला मी तयार होते.

शोभा उठली नाही. साठीची बाई ती, केस पांढरे, हातात तुझ्याच बांगड्या. तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते:

“म्हणजे मावशी, आमची आई नापास झाली नव्हती? आजोबांनी तर लग्नात सांगितलं होतं, पोरगी नापास झाली म्हणून घरी आणली. बाबा जन्मभर तिले ‘बी.ए. फेल’ म्हणूनच हाका मारायचे. आणि आम्ही पोरं हसायचो.”